'लीव्ह'चं मराठी करताना आधी विचारा: मागे काय राहिलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंग्रजी कथेचं मराठी करायला घेतलं आहे. त्यात 'लीव्ह' हे क्रियापद पावलोपावली येतं. शब्दकोशात पहिला अर्थ 'सोडणे' दिलेला, पण तो घातला की वाक्य लाकडासारखं होतं. 'जाणे' घातलं तर काहीतरी निसटतं. शिवाय ऑफिसातली 'लीव्ह' म्हणजे रजा, ती आणि हे क्रियापद एकच का? आणि मूळ अर्थ कळला तर भाषांतराला मदत होते का?

होते, आणि इथे तर बरीच होते. कारण खरी अडचण 'सोडणे' हा शब्द चुकीचा असण्याची नाही. 'लीव्ह'कडे आपण जाणाऱ्या माणसाच्या बाजूने बघतो, आणि हे क्रियापद जन्मलं ते मागे राहणाऱ्या वस्तूच्या बाजूने. ही बाजू एकदा लक्षात आली की मराठी शब्द आपोआप सुचायला लागतात.

जुन्या इंग्रजीत याचं रूप साधारण 'लॅव्हन' असं होतं आणि अर्थ होता राहू देणे, उरवणे, मृत्यूनंतर मागे ठेवणे. हे प्रयोजक क्रियापद होतं. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे, उरणे–उरवणे अशा जोड्या असतात, तशा इंग्रजीतही होत्या. काही अजून दिसतात: 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे, 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे. 'लीव्ह' अशाच एका जोडीतलं 'उरवणे' आहे. त्याचं जोडीदार 'उरणे' इंग्रजीत लोपलं, पण जर्मनमध्ये 'ब्लायबन' म्हणजे राहणे हे रूप रोजच्या वापरात आहे. जगणे या अर्थाचं इंग्रजी 'लिव्ह' आणि 'लाइफ' हेही त्याच घरातले. जो राहिला तो जगला, असा तो प्रवास.

आणखी मागे गेलं तर मूळ धातूचा अर्थ 'चिकटणे' असा मिळतो. चिकटलेलं ते तिथेच राहतं, म्हणून राहणे. संस्कृतात हाच धातू 'लिप्' आहे. म्हणजे आपला लेप, लिंपणे, लिप्त आणि अलिप्त हे सगळे 'लीव्ह'चे दूरचे चुलत भाऊ. भिंतीला लिंपलेली माती आणि मागे ठेवलेलं घर एकाच मुळातून निघावेत, हे मला या शब्दाच्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं.

मग 'निघून जाणे' हा अर्थ आला कुठून? मध्ययुगीन इंग्रजीत. मी गाव मागे राहू दिलं, म्हणजेच मी गावातून गेलो. आधी वस्तू मागे राहत होती, मग जागा मागे राहू लागली, आणि शेवटी ती जागा बोलून दाखवण्याचीही गरज उरली नाही. नुसतं 'शी लेफ्ट' म्हटलं तरी 'ती गेली' असा अर्थ पुरा होऊ लागला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं तेव्हा मतपत्रिकेवर 'रिमेन' आणि 'लीव्ह' असे दोन पर्याय समोरासमोर होते. ज्या शब्दाचा मूळ अर्थ 'राहू देणे' तोच 'राहणे'च्या विरुद्ध उभा होता. मराठीत त्याचं 'युरोपीय संघातून बाहेर पडणे' झालं ते अचूकच, कारण तिथे 'संघ सोडणे'पेक्षा चौकटीबाहेर जाणं महत्त्वाचं होतं.

आता भाषांतराकडे. माझी पद्धत अशी की 'लीव्ह' दिसलं की कर्त्याला क्षणभर बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, मागे काय राहिलं? जागा, वस्तू, माणूस, की एखादी अवस्था? उत्तरावर क्रियापद ठरतं.

जागा मागे राहिली असेल तर पुढचा प्रश्न असा की परतायचं आहे की नाही. एकच वाक्य जवळून बघू: 'ही लेफ्ट होम ॲट एट.' रोज सकाळी आठला असेल तर 'तो आठला घरून निघाला'. वयाच्या आठव्या वर्षी असेल तर 'आठव्या वर्षी त्याने घर सोडलं'. इंग्रजी वाक्यात एका अक्षराचाही फरक नाही, मराठीत मात्र क्रियापद, विभक्ती, कर्त्याचं रूप सगळंच बदलतं. 'निघणे' घेतलं की जागेला 'हून' किंवा 'तून' लागतं. 'सोडणे' घेतलं की जागा कर्म होते आणि तिच्याशी असलेलं नातं तुटतं. म्हणूनच 'ही लेफ्ट द रूम'चं 'त्याने खोली सोडली' करू नये. मराठी वाचक त्यातून समजतो की भाड्याची खोली रिकामी केली, डिपॉझिट परत घेतलं. 'तो खोलीबाहेर पडला' एवढंच तिथे हवं असतं.

'सोडणे'ची गावाबरोबर एक वेगळीच चालही आहे. 'कल्याण सोडलं की गारवा जाणवतो' म्हणजे गाडी कल्याण ओलांडून पुढे गेली की. कल्याणला कोणी राहत होतं आणि कायमचं गेलं, असं नाही. प्रवासवर्णनात ही रचना फार उपयोगी पडते.

गाड्या मात्र 'सुटतात'. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टेन' म्हणजे 'गाडी सहा दहाला सुटते'. एसटी सुटते, शाळा सुटते, ऑफिस सुटतं. सुटणे–सोडणे ही तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे यांच्यासारखी जोडी आहे, आणि भाषांतरात बहुतेक जण तिचा अर्धा भागच वापरतात. शाळा सुटली की मुलं घरी येतात, शाळा सोडली की दाखला मिळतो. त्या कागदाचं नाव सरकारी मराठीत नेमकं आहे: 'शाळा सोडल्याचा दाखला'. बोलताना त्याला 'लिव्हिंग सर्टिफिकेट' म्हणतात आणि ऱ्हस्व उच्चारामुळे तो जगण्याचा दाखला वाटतो. जगण्याचा दाखला वेगळा, निवृत्तिवेतनासाठी द्यावा लागतो तो 'हयातीचा दाखला'.

वस्तू मागे राहिली असेल तर हेतू बघा. 'आय लेफ्ट माय अम्ब्रेला ऑन द बस.' बोलणाऱ्याला हळहळ आहे पण स्वतःला दोष द्यायचा नाही, तर 'छत्री बसमध्ये राहिली'. दोष घ्यायचा असेल तर 'विसरलो'. 'छत्री बसमध्ये सोडली' असं कोणी म्हणत नाही, म्हटलंच तर मुद्दाम टाकून दिल्यासारखं ऐकू येतं. आणि मुद्दाम, कोणासाठी तरी मागे ठेवली असेल तर 'ठेवली': 'किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली आहे', 'चिठ्ठी ठेवून गेली'. राहणे, विसरणे आणि ठेवणे या तिघांत जो फरक आहे तो इंग्रजी वाक्यात संदर्भातून कळतो, मराठीत तो क्रियापदातच सांगावा लागतो. म्हणून आधीचं आणि नंतरचं पान वाचल्याशिवाय हे वाक्य हातावेगळं करू नका.

मृत्युपत्राचा अर्थ तर या शब्दाच्या सर्वांत जुन्या अर्थांपैकी आहे. 'ही लेफ्ट एव्हरीथिंग टु हिज नीस' म्हणजे 'त्यांनी सगळं भाचीच्या नावे केलं'. भाची की पुतणी हे मूळ मजकुरात शोधावं लागेल, इंग्रजी ते सांगत नाही. मृत्युपत्र नसेल, नुसतं मागे उरलं असेल, तर 'मागे ठेवलं': 'घर मागे ठेवलं, कर्जही मागे ठेवलं'. निधनवार्तेत मागे राहिलेल्या माणसांसाठी मराठीने स्वतःची रचना घडवली आहे: 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार आहे.' तिथे 'पत्नीला मागे सोडून गेले' लिहिलं तर घरच्यांना ते लागतं. आणि साधुसंतांच्या संदर्भात 'देह ठेवला' हा प्रयोग मूळ 'लीव्ह'च्या इतका जवळ आहे की त्याहून योग्य शब्द मिळणार नाही.

हिशोबात 'उरणे'. दहातून तीन गेले, सात उरले. ताटात 'उरवू नको' किंवा 'टाकू नको'. पाककृतीत 'लीव्ह टु कूल' म्हणजे 'गार होऊ द्या', 'लीव्ह फॉर ट्वेंटी मिनिट्स' म्हणजे '२० मिनिटं तसंच ठेवा', लोणचं किंवा भिजवलेलं पीठ असेल तर 'मुरू द्या'. 'थंड होण्यासाठी सोडा' हे वाक्य हल्ली पाकिटांवरही छापलेलं दिसतं आणि प्रत्येक वेळी खटकतं. तव्यात तेल सोडतात, कढईत भजी सोडतात. गार होण्यासाठी कोणी काही सोडत नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अवस्था मागे राहते तिथे. 'द न्यूज लेफ्ट हिम स्पीचलेस.' 'द फ्लड लेफ्ट टू हंड्रेड होमलेस.' इंग्रजीत बातमी किंवा पूर हा कर्ता आहे, तो काहीतरी करून जातो आणि माणूस त्या अवस्थेत मागे राहतो. मराठीत निर्जीव कर्त्याला एवढं काम सोसत नाही. इथे कर्ता बदला: 'बातमी ऐकून त्याची वाचाच बसली', 'पुरात दोनशे लोक बेघर झाले'. पूर अधिकरण झाला, म्हणजे क्रिया कुठे घडली ते सांगणारा भाग, बातमी कारण झाली, आणि 'लीव्ह' नावाचा शब्द वाक्यातून पूर्ण गेला. तो जायलाच हवा. 'इट लेफ्ट मी नो चॉइस' म्हणजे 'माझ्यापुढे दुसरा इलाजच उरला नाही'. 'लीव्ह द डोअर ओपन' म्हणजे 'दार उघडंच राहू दे'. या शेवटच्या वाक्यात तुम्ही नकळत हजार वर्षांपूर्वीच्या अर्थाशी पोहोचता. 'लीव्ह इट'चंही 'राहू दे' होतं. वाद मिटवायचा असेल तर 'जाऊ दे', हातातली वस्तू असेल तर 'सोड'.

'लीव्ह मी अलोन'चं 'मला एकटं सोड' आता मालिकांमुळे कानांना सरावाचं झालं आहे, तरी मी ते टाळते. रागाने म्हटलं असेल तर 'माझा पिच्छा सोड'. थकून म्हटलं असेल तर 'जरा पडू दे मला' किंवा 'नको ना आता काही बोलू'. बोलणाऱ्याचं वय आणि समोरच्याशी नातं पाहूनच ठरवता येईल.

माणूस माणसाला मागे ठेवून जातो तेव्हा मराठीत शब्दांना सामाजिक वजन आहे आणि ते ओळखून वापरावं लागतं. 'सोडून गेली', 'सोडून गेला' हे दोन्ही बाजूंनी चालतं. 'टाकली' मात्र जवळजवळ नेहमी नवऱ्याने बायकोला. 'शी लेफ्ट हिम'चं 'तिने त्याला टाकलं' केलं तर वाक्य ठसठशीत होतं, पण मूळ लेखिकेने तसा उलटा वार केला आहे का ते आधी तपासा. दुसऱ्या टोकाला 'मुलाला शाळेत सोडलं' हे पूर्ण निरुपद्रवी आहे, कारण मराठीत 'सोडणे' म्हणजे पोहोचवणेही होतं. स्टेशनवर सोडायला जातात. उपास सोडतात, गाय रानात सोडतात, हक्कावर पाणी सोडतात. इंग्रजी 'लीव्ह'ला यातलं फारसं काही येत नाही. हक्क सोडल्याच्या कागदाला 'हक्कसोडपत्र' म्हणतात, आणि तो इंग्रजीतल्या 'रिलीज डीड'चा नेमका प्रतिशब्द आहे.

संवादात 'आय ॲम लीव्हिंग' आलं आणि पात्र मराठी घरातलं असेल, तर उंबऱ्यावर 'येतो', 'येते' असंच निघेल. 'जातो' म्हणत नाहीत. पात्र परदेशी असेल तर 'येतो' घालून त्याला पुणेरी करू नका, 'निघतो' पुरेसं आहे. रागाने निघत असेल तर 'मी चाललो'.

कथनात निघण्याच्या तऱ्हेसाठी आपल्याकडे मुबलक माल आहे, फक्त शैली सांभाळा. गुपचूप निघणं म्हणजे 'काढता पाय घेणे', हा शब्द सभ्य आहे, बैठकीतही चालतो. पळून जाणं म्हणजे 'पोबारा करणे', हा सोंगट्यांच्या डावातल्या पौ-बारा या दानातून आला. 'गाशा गुंडाळणे' यातला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं आच्छादन, म्हणून एखाद्या कंपनीने देशातला व्यवसाय बंद केला तर तो शोभतो, पाहुणा जेवून घरी गेला तर शोभत नाही. 'सोडचिठ्ठी' पक्षांतराच्या बातमीत रुळली आहे. 'रामराम ठोकला' नोकरीला.

आता रजा. इंग्रजीत 'लीव्ह' हे नाम, म्हणजे परवानगी किंवा रजा, आणि 'लीव्ह' हे क्रियापद दिसायला एक असले तरी वेगवेगळ्या मुळांचे आहेत. नामाचं मूळ 'आवडणे, प्रिय असणे' या अर्थाच्या धातूत आहे. त्याच धातूतून 'लव्ह' आणि 'बिलीव्ह' आले, आणि संस्कृतात 'लुभ्', म्हणजे आपला 'लोभ'. जे आवडलं त्याला संमती दिली, संमतीची परवानगी झाली, निघण्याची परवानगी झाली, आणि 'लीव्ह ऑफ ॲब्सेन्स' म्हणजे गैरहजर राहण्याची परवानगी याचं आखूड रूप म्हणून नुसती 'लीव्ह' उरली. मराठी पत्राचा निरोप घेताना आपण 'लोभ असावा' लिहितो. तिथे लोभ अजून त्या जुन्या, आपुलकीच्या अर्थाने जिवंत आहे.

याहून नवल असं की आपला 'रजा' शब्द अगदी याच वाटेने आला. अरबीत 'रिझा' म्हणजे संतोष, संमती. फारसीतून मराठीत येताना परवानगी, मग निघण्याची परवानगी, मग कामावरून सुटका. 'राजी' त्याच मुळाचा, आणि 'राजीनामा'ही, म्हणजे मुळात संमतीचा कागद. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता खुशीपासून रजेपर्यंतचा तोच रस्ता धरला. म्हणून 'ऑन लीव्ह'चं 'रजेवर' हे भाषांतर आत्म्यापर्यंत बरोबर आहे, आणि 'सुट्टीवर' ढिलं आहे. रविवार ही सुट्टी, ती कोणी मंजूर करत नाही. रजा मागावी लागते. सरकारी नोकरीतही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे तत्त्व महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये आहेच. तिथले शब्दही तयार आहेत: अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा. कार्यालयीन मजकुरात नवे शब्द घडवू नका, हेच घ्या.

'फर्लो', म्हणजे कामावरून किंवा तुरुंगातून मिळणारी रजा, हाही या नामाचा नातेवाईक, डच भाषेतून इंग्रजीत आलेला. महाराष्ट्रात कैद्यांच्या बाबतीत फर्लोला 'संचित रजा' आणि पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. बातमी किंवा न्यायालयीन कथा असेल तर हे दोन उलटे होऊ देऊ नका.

कायद्याच्या मजकुरात 'लीव्ह' म्हणजे जवळजवळ नेहमी परवानगी. 'लीव्ह टु अपील' म्हणजे अपील करण्याची परवानगी. संविधानाच्या अनुच्छेद १३६ खालच्या याचिकेला वर्तमानपत्रं 'विशेष अनुमती याचिका' म्हणतात. आणि मुंबई-पुण्यात घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात येणारा 'लीव्ह अँड लायसन्स' करार: यातला 'लीव्ह' घर सोडण्याबद्दल नाही, राहण्याच्या परवानगीबद्दल आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. बोलताना लोक 'भाडेकरार' म्हणतात आणि कथेत ते चालेल. कायदेशीर भाषांतरात चालणार नाही, कारण भाडेकरूचे हक्क निर्माण होऊ नयेत म्हणूनच हा वेगळा प्रकार वापरला जातो. तिथे लिप्यंतरच ठेवा.

तीन फसवी साम्यं. झाडाचं पान 'लीफ' आणि त्याचं अनेकवचन 'लीव्ह्ज' यांचा यातल्या कशाशीच संबंध नाही. डावी बाजू म्हणजे 'लेफ्ट' हाही वेगळा, त्याचा जुना अर्थ 'दुबळा'. आणि 'रिलिंक्विश' अर्थाने इतका जवळचा असूनही मुळाने परका आहे. तो लॅटिनचा, त्याचा संस्कृत भाऊ 'रिच्', म्हणजे आपले रिक्त, अतिरेक आणि रिता.

शेवटी सरावासाठी एक वाक्य, तुमच्या कथेत असतं तसं: 'शी लेफ्ट द की विथ द नेबर, लेफ्ट द लाइट ऑन, अँड लेफ्ट.' एकच क्रियापद तीनदा, इंग्रजीत ती लय मुद्दाम साधलेली आहे. पहिल्यात वस्तू हेतूने मागे राहिली, दुसऱ्यात अवस्था, तिसऱ्यात जागा. 'तिने किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली, दिवा तसाच राहू दिला, आणि निघाली.' तीन वेगळी क्रियापदं आली, त्यामुळे पुनरुक्तीची लय गेली. तिची भरपाई वाक्याची लांबी उतरती ठेवून करता येते, म्हणून शेवटी नुसतं 'निघाली'. 'निघून गेली' केलं तर उतार बिघडतो. एकच जागा अडते, ती दिव्याची. तिने दिवा मुद्दाम चालू ठेवला की चालू राहून गेला? 'राहू दिला' लिहिलं तर हेतू आला, 'चालूच राहिला' लिहिलं तर तो गेला. पुढे कथेत कोणी त्या दिव्याकडे बघून ती घरात आहे असं समजत असेल, तर 'राहू दिला'. ते पान वाचून झाल्यावरच इथे परत या.